रीगावर पडलेली शॉमबर्गची सावली

१

शुक्रवारी सकाळी फाइल गेल्याचं कळलं आणि जेवणाच्या सुट्टीआधी चोर ठरूनही गेला. एवढी घाई पद्मिनीबाई वर्तकांना कधी मानवली नव्हती. बावीस वर्षं त्या लेकफोर्ड स्टुडिओत इमारतींची मॉडेलं करत होत्या. साधी गच्ची चिकटवायची तरी गोंद वाळेपर्यंत थांबावं लागतं, आणि इथे एका पोरीच्या नावाला ठपका चिकटवून सगळे तासाभरात हात धुऊन मोकळे झाले होते.

टीमप्रमुख शैलेंद्र मुजुमदारांच्या काचेच्या केबिनमध्ये राधिका टिपणीस हाताची घडी घालून उभी होती. पुण्याची, एकतीस वर्षांची, कंपनीच्या व्हिसावर आलेली. घडी घट्ट होती, पण बोटं स्वतःच्याच दंडात रुतली होती.

काम होतं रीगाचं. लॅटव्हियाच्या या राजधानीत, नदीच्या डाव्या तीरावर, जुन्या गोदीच्या जागेत नवं आर्थिक केंद्र उभं राहायचं होतं. बँका, विमा कंपन्या आणि त्यांच्यासाठी एका रांगेत सहा टॉवर. आराखडा शिकागोच्या उपनगरातल्या, शॉमबर्गच्या या ऑफिसात बनत होता, आणि टीममध्ये मराठी माणसं इतकी, की बाकीचं ऑफिस त्यांना ‘मंडळ’च म्हणे. टॉवरांच्या उत्तरेला लाकडी घरांची गल्ली होती आणि एक बालवाडी. हिवाळ्यात टॉवरांची सावली कुठवर जाईल, असं तिथल्या नगरपालिकेने विचारलं होतं. तो अभ्यास राधिकाने केला होता आणि उत्तर सरळ दिलं होतं: नोव्हेंबर ते जानेवारी बालवाडीच्या अंगणाला ऊन लागणार नाही, टॉवर बुटके करा.

ती फाइल आता कुठेच नव्हती. तिच्या जागी, राधिकाच्याच नावाने, दुसरा रिपोर्ट होता. त्यात अंगणात रोज चार तास ऊन होतं. नगरपालिकेच्या आर्किटेक्ट इल्झेबाईंनी मेल पाठवून विचारलं होतं, की फोनवर ऐकलं एक आणि कागदावर दिसतंय दुसरंच, खरं कोणतं.

“नवं खरं,” शैलेंद्र म्हणाले. “तुझा पहिला हिशेब चुकला होता. ते झाकायला तू मूळ फाइल पुसलीस. चूक कोणाचीही होते गं, पण क्लायंटचं रेकॉर्ड डिलीट करायचं?”

“मी पुसली नाही. आणि नवं खरं नाहीये.”

“लॉग बघ. मंगळवार, सोळा चाळीस, तुझं मशीन. सर्व्हर रीगात आहे, वेळही रीगाची. आठ तास वजा कर.” त्यांनी मानेनेच भिंतीकडे खूण केली. तिथे शिकागोचं आणि रीगाचं अशी दोन घड्याळं शेजारी होती. चौदा महिने आठ तासांचं अंतर राखून ती चालत होती. “आपल्याकडचे सकाळचे आठ चाळीस. नऊच्या आधी कार्डाशिवाय दार उघडत नाही. मंगळवारी नऊच्या आधी एकच कार्ड लागलंय. तुझं. आठ सोळाला.”

मग ते पद्मिनीबाईंकडे वळले. “ताई, तुम्ही तर लवकर येता. आठ चाळीसला कुठे होतात?”

“गाडीत.”

हे सगळ्यांना ठाऊक होतं. वसईत संध्याकाळचे सात वाजले की धाकटी बहीण रेणू देवळातली आरती फोनवर लावायची. शिकागोत तेव्हा साडेआठ वाजलेले असत. नऊ वर्षांत एक दिवस चुकला नव्हता. पार्किंग लॉटमध्ये गाडी बंद करून, मांडीवर हात ठेवून पद्मिनीबाई ती ऐकायच्या आणि आरती संपल्याशिवाय उतरायच्या नाहीत.

“म्हणजे देवाने साक्षीदारसुद्धा पार्किंगमध्ये बसवून ठेवला,” शैलेंद्र म्हणाले. कोणी हसलं नाही. “राधिका, सोमवारी नऊला रीगाचा कॉल आहे, भागीदार मार्गारेटही बसणार आहे. त्याआधी राजीनामा दे. मी पत्र चांगलं देईन. नाही दिलास तर हे सगळं लेखी जाईल. मग नोकरी गेल्यावर व्हिसा टिकतो त्या साठ दिवसांत दुसरीकडे कोण उभं करतंय ते तू बघ.”

पद्मिनीबाई नेहमीच्याच हळू आवाजात म्हणाल्या, “शैलेंद्र, नव्या रिपोर्टची एक प्रत द्या मला.”

“तुम्हाला कशाला?”

“सोमवारी मॉडेल कॅमेऱ्यासमोर जायचंय. कागदाशी जुळायला हवं ना.”

त्यांनी क्षणभर विचार केला, आणि दिली.

२

मॉडेलच्या खोलीत दोन टेबलं जोडून त्यावर अख्खं रीगा मांडलं होतं. निळ्या काचेची नदी, वितीहून जरा बुटके सहा टॉवर, त्यांच्यापासून हातभर अंतरावर बोटाच्या पेराएवढी बालवाडी. मंगळवारी नऊपासून जेवणापर्यंत राधिका आणि पद्मिनीबाईंनी मिळून त्या गल्लीतली झाडं लावली होती. नखातला गोंद अजून पुरता निघाला नव्हता.

“काकू, देऊन टाकू का राजीनामा?”

“तू पुसलीस फाइल?”

“नाही.”

“मग कशाचा राजीनामा? ती खिडकी बंद कर.”

टेबलावर एका कमानीला दिवा टांगलेला होता. कमानीवर गावांच्या खुणा होत्या, महिन्यांच्या आणि तासांच्याही. दिवा हवा तसा सरकवला की त्या गावचा, त्या दिवसाचा सूर्य. पद्मिनीबाईंनी रीगाची खूण धरली. एकवीस डिसेंबर, दुपारचे बारा. दिवा जवळजवळ टेबलाला टेकला. टॉवरांच्या सावल्या लांबच लांब निघाल्या, बालवाडीवरून गेल्या आणि पार दोन हातांवर जाऊन थांबल्या.

“माझंच बरोबर आहे, ते मला ठाऊक आहे,” राधिका म्हणाली. “पण शैलेंद्र म्हणतील, दिवा मी सांगितला तसा तुम्ही धरलात. माझी मूळ फाइल नाही, कॉम्प्युटर काढून घेतलाय. मी सिद्ध कशाने करू?”

पद्मिनीबाई ऐकत नव्हत्या. नव्या रिपोर्टमधलं चित्र त्यांनी डोळ्यांजवळ धरलं होतं. तोच दिवस, तीच वेळ, पण सावली बालवाडीच्या बरीच अलीकडे थांबलेली. त्यांनी दोऱ्याने टॉवर मापला, मग सावली मापली. दुपटीहून जरा जास्त.

हे माप त्यांच्या ओळखीचं होतं. बावीस हिवाळे त्यांनी ते पायाखाली घातलं होतं. डिसेंबरात या ऑफिसची सावली पार्किंगमधल्या दुसऱ्या खांबापर्यंत जाते. खांबाच्या अलीकडे गाडी लावली तर काचेवरचा बर्फ संध्याकाळपर्यंत सुटत नाही, पलीकडे लावली तर जेवणाच्या सुट्टीत गळून जातो. इमारतीच्या दुपटीहून जरा जास्त.

त्यांनी दिव्याची कमान रीगावरून उचलली आणि शिकागोच्या खुणेवर आणली. सावल्या मागे सरकल्या, सरकत सरकत पाऊण हातावर आल्या आणि थांबल्या. शेजारी कागद ठेवला. रेघेला रेघ जुळली.

“ही रीगाची सावलीच नाही,” पद्मिनीबाई म्हणाल्या. “शॉमबर्गची आहे. कोणीतरी आपल्या पार्किंग लॉटचा सूर्य उचलून त्या पोरांच्या अंगणात ठेवलाय.”

३

“काकू, धिस इज सो एम्बॅरसिंग,” निमिष म्हणाला. तो राधिकाच्या हाताखालचा, जवळच्या नेपरव्हिलमध्येच जन्मलेला. मराठी समजायचं सगळं, बोलताना मात्र अर्ध्या वाटेत इंग्रजीत घुसायचा. “आम्ही टेम्प्लेट उघडतो ना, त्यात रीगा आधीच असतं. ब्लँक फाइल घेतली तरच शिकागो येतं, बाय डिफॉल्ट. आमच्यात ब्लँक फाइल कोणी घेत नाही. नोबडी.”

“मग घेईल कोण?”

“ज्याला टेम्प्लेट माहीत नाही तो. मोना? पण मोनाला प्रिंटरसुद्धा चालवता येत नाही.”

“आणि राधिकाच्या मशीनवर बसायचं तर?”

“प्रोजेक्टच्या सगळ्या मशीनचा पासवर्ड एकच आहे. स्टुपिड, आय नो.” तो थोडा घुटमळला. “काकू, तुम्ही मला विचारताय कारण रिपोर्टवर तिचं नाव वर होतं आणि माझं खाली, म्हणून? मी चिडलो होतो, यस. पण मी असं नाही करणार.”

“तसं वाटलं असतं तर सरळ तसंच विचारलं असतं. मंगळवारी सकाळी काय काय झालं ते सांग.”

काही विशेष नव्हतं. आठ चाळीसला तो ट्रेनमध्ये होता. नऊला रीगाचा कॉल होता म्हणून तो आणि मोना मागच्या बिनखिडकीच्या कॉन्फरन्स रूममध्ये जाऊन बसले. रीगावाले आलेच नाहीत. तासभर दोघं फराळाचे फोटो बघत बसले. दहाला शैलेंद्र कॉफी घेऊन आले आणि म्हणाले, अरे सॉरी, मीच कॉल तासभर पुढे ढकलायला सांगितला होता, तुम्हाला कळवायचं राहिलं. मग कॉल झाला.

मोना सबनीस क्लायंट सांभाळायची. मुंबईची, बोलायला तिखट. पद्मिनीबाई तिच्या टेबलाशी गेल्या तेव्हा ती चकली खात होती.

“माझ्यावर डाउट आहे? बसा ना, उभ्याने डाउट नका घेऊ.” तिने डबा पुढे केला. “खरं सांगू? मला नवा रिपोर्ट आवडला. जुना गेला असता तर टॉवर निम्मे झाले असते आणि डेव्हलपर पळाला असता. माझं सगळं वर्ष पाण्यात. पण यार, फाइल पुसणं मला जमत नाही. माझ्या फोनमधले फोटोसुद्धा माझी मुलगी डिलीट करते.”

“आठ चाळीसला कुठे होतीस?”

“ट्रॅफिकमध्ये. शैलेंद्रही हायवेवरच होते. त्यांनी बरोबर तेव्हाच फोन केला होता मला, डेव्हन ॲव्हेन्यूवरून मिठाई आणू का विचारायला. मागे ट्रकचे भोंगे ऐकू येत होते.”

“आणली मिठाई?”

मोनाने चघळणं थांबवलं. “नाही. आत्ता लक्षात आलं बघा.”

पद्मिनीबाई आपल्या खोलीत परतल्या. एक ट्रेनमध्ये, दोघं रस्त्यावर. कसंही फिरवलं तरी काटा येऊन राधिकापाशीच थांबत होता. आणि दाराशी आता शैलेंद्र उभे होते. त्यांची नजर दिव्यावर होती. दिवा अजून शिकागोच्याच खुणेवर होता.

४

“तो बंद करा,” शैलेंद्र म्हणाले.

“बसा.”

ते बसले नाहीत. टेबलाभोवती एक फेरी मारून टॉवरांसमोर येऊन थांबले. “ताई, तुम्ही पोथी वाचणाऱ्या बाई. तुम्हाला खोटं सांगत नाही. त्या बालवाडीत तीस पोरं आहेत. या ऑफिसावर चाळीस घरं चालतात. रीगा गेलं तर मार्चपर्यंत निम्मी माणसं घरी. व्हिसावरची आधी.”

“म्हणून व्हिसावरची एक आजच द्यायची?”

“एकच जाईल. बाकीची वाचतील.”

“त्या तीस पोरांना विचारलंत?”

“त्यांना काय कळतंय. पलीकडच्या बागेत खेळतील.” त्यांनी आवाज खाली आणला. “एप्रिलमध्ये तुम्ही रिटायर होताय. मोठा समारंभ करू. फक्त एका कागदावर सही करा, मॉडेल नव्या रिपोर्टशी जुळतं म्हणून. जुळतंच आहे की, मी बघतोय ना.”

“जुळतं. शिकागोच्या सूर्याशी.”

शैलेंद्रनी हात पुढे करून दिवा घालवला. “सोमवारी हे मॉडेल बाहेर येणार नाही.”

“येईल. मी ढकलत आणीन. चाकं आहेत त्याला.”

“पद्मिनीताई, तुम्ही कधी आवाज चढवत नाही, म्हणून मी इतकी वर्षं तुमचा मान ठेवला.”

“आवाज चढवत नाही म्हणजे ऐकून घेते असं कोणी सांगितलं तुम्हाला? सही मिळणार नाही. एप्रिलची वाट बघायची नसेल तर आजच काढा.”

ते दाराकडे गेले, आणि उंबऱ्यात वळून म्हणाले, “आणि हो, आठ चाळीसला मी हायवेवर होतो. मोनाला विचारा.”

दार लागलं. पद्मिनीबाईंनी हे विचारलंच नव्हतं.

५

रविवारी भाऊबीज होती. भाऊ हेमचंद्र वसईला, त्याच्याजवळ रेणू, रेणूची मुलगी रुही म्युनिकला आणि पद्मिनीबाई शॉमबर्गला. फोन ताटासमोर उभा करून ओवाळायचं, असं त्यांचं गेली कित्येक वर्षं चाललं होतं. त्याच पहाटे अमेरिकेतली घड्याळं तासभर मागे गेली होती, त्यामुळे आरतीही आज साडेसातला आली. पद्मिनीबाईंना त्याचं काही नव्हतं. देवळातली घंटा सातलाच वाजते. इथल्या घड्याळाला वाटेल तेव्हा ते पुढेमागे होतं, एवढंच.

“अगं ओवाळ ना, निरांजन विझेल,” हेमचंद्र स्क्रीनमधून म्हणाला. “आणि ओवाळणी पोस्टाने मागू नकोस.”

“तुझी ओवाळणी मी साठ सालापासून मोजतेय, एवढ्यात नाही सोडत.”

“तू साठ साली जन्मलीस तरी होतीस का?”

रुही उशिरा आली, केस ओले. “सॉरी मावशी. बरं झालं तुमचंही घड्याळ आज मागे गेलं. आठवडाभर माझा नुसता घोळ. शिकागोच्या टीमशी कॉल असला की मी तासभर चुकतेय.”

“घोळ कसला?”

“आमचं गेल्या रविवारीच मागे गेलं ना. तुमचं आज. मधला एक आठवडा अंतर वेगळं असतं. दर वर्षी असतं.”

निरांजन हातातच राहिलं. “सगळ्या युरोपात असंच?”

“हो. एकाच दिवशी.”

“रीगातही?”

“रीगा कुठून आलं मध्येच? हो, तिथेही.”

पद्मिनीबाईंनी भावाला ओवाळलं, अक्षता स्क्रीनवर टाकल्या, सगळ्यांचा निरोप घेतला. मग ताट बाजूला सारून एक कागद पुढे ओढला आणि पेन्सिलीने मंगळवारची सकाळ मांडायला बसल्या.

त्या आठवड्यात अंतर आठ तासांचं नव्हतं, सात तासांचं होतं. भिंतीवरचं घड्याळ कोणी फिरवलं नव्हतं. गेल्या वर्षीही दोन्ही एकाच सोमवारी फिरवली होती. म्हणजे रीगातले सोळा चाळीस हे शॉमबर्गचे आठ चाळीस नव्हतेच. ते नऊ चाळीस होते. नऊ चाळीसला दार सताड उघडं होतं, कार्ड लागत नव्हतं. राधिका त्यांच्या समोर बसून झाडं चिकटवत होती. निमिष आणि मोना मागच्या खोलीत, न येणाऱ्या माणसांची वाट बघत होते. राधिकाच्या टेबलाशी कोणीच नव्हतं.

पद्मिनीबाईंची पेन्सिल मध्येच थांबली. रीगावाले उशिरा आलेच नव्हते. ते त्यांच्या पाच वाजताच आले होते, तेव्हा इथे दहा वाजले होते. बिचारे निमिष आणि मोना तासभर आधी जाऊन बसले होते. आणि एकच माणूस कॉफी घेऊन बरोबर दहाला आला होता.

६

सोमवारी नऊला पद्मिनीबाईंनी मॉडेल खरंच ढकलत आणलं. एका बाजूने राधिका, दुसऱ्या बाजूने निमिष. शैलेंद्र उठून उभे राहिले, पण मार्गारेट डॉयल आधीच आत बसल्या होत्या. कंपनीच्या मुख्य भागीदार, पांढरे केस, थोडकं बोलणाऱ्या. पडद्यावर रीगाहून इल्झेबाई होत्या. सगळं बोलणं इंग्रजीत होतं. पद्मिनीबाईंचं इंग्रजी मात्र वसईच्या संथ चालीनेच चालायचं.

“राजीनामा आणलास?” शैलेंद्रनी राधिकाला हळूच मराठीत विचारलं.

“नाही.”

पद्मिनीबाई म्हणाल्या, “मला इल्झेबाईंना एकच विचारायचं आहे. मंगळवारचा कॉल पुढे ढकला, असं तुम्हाला कोणी सांगितलं होतं का?”

“नाही,” इल्झे म्हणाल्या. “पाचला होता, पाचला झाला. नेहमीसारखा.”

निमिष आणि मोनाने एकमेकांकडे पाहिलं. मोनाने खुर्ची मागे घेतली.

“हे काय चाललंय?” मार्गारेटनी विचारलं.

पद्मिनीबाईंनी सांगितलं. युरोपचं घड्याळ एक आठवडा आधी मागे गेलं, तेव्हा त्या मंगळवारी अंतर सात तासांचं होतं. फाइल पुसली गेली ती नऊ चाळीसला. त्या वेळी राधिका माझ्या खोलीत होती, हे मी लिहून द्यायला तयार आहे. निमिष आणि मोना मागच्या खोलीत एकमेकांच्या नजरेसमोर होते. त्यांना वाटत होतं नऊला कॉल आहे.

“ठीक आहे,” शैलेंद्र म्हणाले. ते हसायचा प्रयत्न करत होते. “म्हणजे मी सात तासांऐवजी आठ वजा केले. प्रामाणिक चूक. सगळ्यांनीच केली.”

“सगळ्यांनी केली,” पद्मिनीबाई म्हणाल्या. “म्हणून सगळे नऊला येऊन बसले. तुम्हीही चुकला असतात तर तुम्हीही नऊला येऊन बसला असतात. तुम्ही दहाला आलात. मंगळवारी तुम्हाला सात ठाऊक होते. शुक्रवारी त्याच मंगळवारातून तुम्ही आठ वजा केले. आणि मध्ये, कॉल मी पुढे ढकलला, असं या दोघांना सांगितलंत, त्यांच्या लक्षात येऊ नये म्हणून.”

पद्मिनीबाईंनी नवा रिपोर्ट मॉडेलवर ठेवला.

“त्यांना त्या खोलीत तासभर बसवून ठेवणारं घड्याळ तुम्हाला आयतंच मिळालं. आठ चाळीसला मोनाला फोन करून आपली जागा पक्की केलीत, ज्या वेळी काही घडलंच नव्हतं त्या वेळची. राहिला रिपोर्ट. या पोरांच्या टेम्प्लेटमध्ये रीगा असतं. तुम्ही दहा वर्षांनी त्या प्रोग्रॅमला हात लावलात, कोरी फाइल घेतलीत. गाव बदलायचं राहून गेलं. इथलाच सूर्य राहिला.”

शैलेंद्रनी मार्गारेटकडे पाहिलं. “कोणीतरी हे प्रोजेक्ट वाचवायला हवं होतं. तुम्हीच म्हणाला होतात, टॉवर एक मजलाही खाली येता कामा नये.”

“मी असं करा म्हटलं नव्हतं,” मार्गारेट म्हणाल्या. पण त्या त्यांच्याकडे न बघता टेबलाकडे बघत होत्या. मग त्यांनी पडद्याकडे तोंड केलं. “इल्झे, आमचा घरचा प्रश्न आहे. आम्ही तो आत सोडवू आणि पंधरा दिवसांत तुम्हाला नीट कळवू. तोवर सावलीचा अभ्यास तपासणीखाली आहे असं धरा. राधिका, तुझ्यावरचा आरोप मी मागे घेते आहे. तुझी नोकरी सुरक्षित आहे. बस.”

ज्यासाठी तीन दिवस जीव टांगणीला लागला होता ते राधिकाला मिळालं होतं. पद्मिनीबाईंनी तिच्याकडे पाहिलं. आता बोलायचं ते तिनेच.

राधिका बसली नाही. “पंधरा दिवसांत काय तपासणार?”

“ते आपण नंतर बोलू.”

“तुमची परवानगीची सुनावणी कधी आहे?” राधिकाने पडद्याला विचारलं.

“या गुरुवारी,” इल्झे म्हणाल्या. “आमच्यासमोर जो रिपोर्ट आहे त्यावर.”

“म्हणजे खोट्यावर.”

“राधिका,” मार्गारेट म्हणाल्या, “हे ऐक. डेव्हलपर निघून गेला तर ही टीम उरणार नाही. मग मी तुझ्यासाठी काही करू शकणार नाही.”

“मग साठ दिवस मोजीन,” राधिका म्हणाली. “माझं नाव त्या रिपोर्टवर आहे. ते काढा म्हणत नाही मी. त्याखाली जे लिहिलंय ते खरं करा, एवढंच म्हणतेय.” ती मॉडेलकडे वळली. “काकू, दिवा.”

पद्मिनीबाईंनी कमान रीगाच्या खुणेवर आणली. निमिषने कोणी न सांगता खोलीतले दिवे घालवले आणि कॅमेरा टेबलावर वळवला. मोना काही क्षण जागेवरच राहिली, मग पुढे होऊन तिने मोजपट्टी राधिकाच्या हातात दिली. “माझं वर्ष तर बुडालंच,” ती पुटपुटली.

मार्गारेटचा हात कॉल बंद करायला लॅपटॉपकडे गेला.

“बाई, बंद करायचा तर करा,” पद्मिनीबाई त्याच हळू आवाजात म्हणाल्या. “मग आम्ही माझ्या फोनवरून लावू. नंबर घेतलाय त्यांचा.”

हात लॅपटॉपवरच राहिला. बटण दाबलं गेलं नाही.

“एकवीस डिसेंबर,” राधिका कॅमेऱ्याकडे झुकून म्हणाली. “सकाळचे दहा. अंगण पूर्ण सावलीत. लिहून घेताय?”

पडद्यावर कागद सरकल्याचा आवाज आला. “घेते आहे. अभ्यास कोणाचा म्हणून लिहू?”

“राधिका टिपणीस. स्पेलिंग सांगते.” तिने एकेक अक्षर सावकाश सांगितलं, आणि शैलेंद्र खुर्ची सरकवून बाहेर जात असताना मोजपट्टी पुढच्या टॉवरला लावली. “आता अकरा.”